मागची सीट

माझ्या गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये एक गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. वरोऱ्यातलं जे गिऱ्हाईक येतं ते ताडपत्रीचं टोक उचलून बघतं आणि विचारतं, ही बाहेर काऊन नाही काढत? मी सांगतो, पासिंग होत नाही, पोलीस धरतात. ते काही खोटं नाही, पण खरं कारण ते नाही. खरं कारण मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, घरात बायकोलासुद्धा नाही. लाज वाटते, दुसरं काय.

गाडी माझ्या बाबांची. पांढरी अँबेसेडर, सरकारी लिलावात घेतलेली. तेव्हा मी शाळेत होतो. आमचं गाव कुरखेड्यापासून आत, सगळी धानाची शेती, आणि चारचाकी म्हणाल तर पंचक्रोशीत ही एवढीच. बाबा भाडं मारायचे, पण दोन कामांना त्यांनी कधी भाडं घेतलं नाही. एक दवाखाना आणि दुसरी सासरी जाणारी पोरगी. मग ते घर कोणाचंही असो, आमच्या कुणब्याचं असो की जंगलातल्या गोंडांचं. लहानपणी मला याचा राग यायचा. गाडी आमची, डिझेल आमचं, आणि मागच्या सीटवर बसून ओकणारे लोक दुसरे. सीट धुवायचं काम माझं असायचं ना.

त्या मागच्या सीटवर एक पोरगी जन्माला आली. आमच्या गावापासून सात-आठ किलोमीटर आत एक गोंड वस्ती आहे, तिथली बाई अडली होती. कुरखेड्याच्या दवाखान्यातून तिला गडचिरोलीला न्यायचं ठरलं, बाबा निघाले, आणि आरमोरी यायच्या आधीच रस्त्याच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली गाडी थांबवावी लागली आणि ती तिथंच, मागच्या सीटवर बाळंत झाली. सोबत तिची सासू होती, तिनंच सगळं केलं. बाबा गाडीकडे पाठ करून रस्त्यावर उभे होते. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. मी तेव्हा नागपूरला आयटीआयला होतो. गोष्टीचा पुढचा भाग मात्र मी कधी ऐकला नव्हता, आणि कधी विचारलाही नव्हता.

आता माझं सांगतो. मी चांगला मेकॅनिक आहे, हे मी फुशारकीनं नाही सांगत, वरोऱ्यात कोणालाही विचारा. पण जन्मभर दुसऱ्यांच्या पिकअपचे क्लच बदलून माणूस कंटाळतो. चार-पाच वर्षांपासून मला मोबाइलवर ते व्हिडिओ बघायचा नाद लागला होता. बाहेरच्या देशातले लोक जुन्या गाड्या घेतात, टप, म्हणजे छत, कापून खाली बसवतात, बोनेट काढून इंजिन उघडं ठेवतात, मागं रुंद टायर, पुढं बारीक, आणि ती गाडी अशी काही दिसते की बास. हॉट रॉड म्हणतात तिला. मला वाटायचं, हे मलाही येतं. मला फक्त एक गाडी पाहिजे होती.

आणि दिवाळीनंतर बाबांनी गाडी आपणहून पाठवली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन झालं होतं पण नजर काही नीट आली नव्हती. दोन वर्षं त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, गाडी गोठ्याशेजारी उभी होती, कोंबड्या आत अंडी घालत होत्या. फोनवर म्हणाले, ब्रेक पाहून घे, सडलेला पत्रा बदल, पांढरा रंग मार. ती गाडीतली पोरगी आठवते ना, तिचं लग्न जुळलं, होळीनंतर. तिला नवरदेवाच्या गावी याच गाडीतून न्यायचं, तू चालवशील, मी बाजूला बसेन. गोंडांमध्ये नवरीच वऱ्हाड घेऊन नवऱ्याच्या गावी जाते, लग्न तिकडंच लागतं. मी हो म्हणालो. खरं सांगतो, हो म्हणतानाच माझ्या मनात टप कापून झाला होता.

मी स्वतःची समजूत घातली. पोरीला न्यायचंच आहे ना, मग अशा गाडीतून नेऊ की अख्खा तालुका बघत राहील. बाबांची छाती फुगेल. असं मी स्वतःला सांगायचो आणि मनातून मला माहीत होतं की मी थाप मारतोय. मला नागपूरच्या गाड्यांच्या प्रदर्शनात ती उभी करायची होती. मला लोकांनी फोटो काढलेले पाहिजे होते.

पूस महिन्यात काम सुरू केलं. टप चार इंच उतरवला. मागचे दोन दरवाजे वेल्डिंग करून बंद केले, वरून पत्रा मारून लांबीचा लेप भरला, हाताला सांधा लागणार नाही इतकं साफ. मागच्या कमानीची, म्हणजे पाटा स्प्रिंगची, पानं काढून गाडी खाली बसवली. एका अपघातातल्या पिकअपचं इंजिन घातलं, ते मोठं, म्हणून बोनेट कापलं. सायलेन्सर दोन्ही बाजूंनी उघडे काढले. मागची सीट तर पहिल्याच दिवशी उपटली होती. हॉट रॉडला दोनच माणसं.

सीट उलटी केली तेव्हा खालच्या स्प्रिंगांमध्ये काय काय निघालं. बांगड्यांचे तुकडे, केसाच्या पिना, अक्षतांचे तांदूळ, पोराचा एक मोजा. मी कॉम्प्रेसरची हवा मारली आणि सगळं उडवून दिलं. एक गोष्ट मात्र हवेनं उडाली नाही. मधल्या स्प्रिंगला तारेनं बांधलेली एक छोटी पोटली होती, कापड काळं पडलेलं, सुपारीएवढी. तार तांब्याची होती, जुन्या डायनामोतली, आणि तिला तीन पीळ देऊन टोक आत वळवलं होतं, हाताला टोचू नये म्हणून. ही बाबांची पद्धत. मी ओळखलं की ही बाबांनी बांधली. आणि तरीही मला वाटलं, नजर लागू नये म्हणून बिबा-बिबा बांधला असेल. आमच्या भागात एकही गाडी त्याच्याविना नसते. लिंबू-मिरची, काळी बाहुली, बिबा, पोटल्या, कुठं ना कुठं लटकलेलं असतंच, आणि गॅरेजवाला दिवसाला दोन काढून फेकतो. मी पकडीनं तार कापली. पोटली बाजूच्या शेकोटीत टाकली. थंडी होती, तेलकट चिंध्या पेटवल्या होत्या, तीही पेटली. सीट त्याच आठवड्यात भंगारवाल्याला दिली.

बाबा दर चार-आठ दिवसांनी फोन करायचे. मी सांगायचो, काम सुरू आहे, पत्रा मिळत नाही, पेंटर आजारी आहे. एकदा त्यांनी सरळ विचारलं, "मागची सीट काढली तं नाई ना?"

मी म्हणालो, "नाई, सीटले हात नाई लावला."

"बेस केलं. काढाचं असन तं मले पह्यले सांगजो."

मी हो म्हणालो. सीट तेव्हा भंगारात जाऊन पंधरा दिवस झाले होते. काऊन, काय आहे सीटखाली, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बोलता बोलता माझं बिंग फुटलं असतं, म्हणून घाईनं फोन ठेवला. इतका मी हुशार.

लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन निघालो. काळा रंग, त्यावर लाल ज्वाळा, मीच काढलेल्या. नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, जिथं जिथं थांबलो तिथं पोरं धावत आली, लोकांनी मोबाइल काढले, चहावाल्यानं पैसे नको म्हटलं. एवढं सुख मला जन्मात मिळालं नव्हतं. आज तो रस्ता आठवला की अंगावर काटा येतो, पण त्या दिवशी मी राजा होतो, हे कबूल केलं पाहिजे.

संध्याकाळी अंगणात गाडी लावली. आवाज इतका होता की बैलानं दावं तोडलं. बाबा बाहेर आले. त्यांना वाटलं कुणाचा ट्रक आला. मी म्हणालो, बाबा, आपलीच गाडी. ते जवळ आले आणि गाडीवरून हात फिरवू लागले, आंधळी माणसं फिरवतात तसा. बोनेटच्या जागी इंजिन लागलं, तिथं थांबले. पुढचा दरवाजा चाचपला. मग मागं सरकले आणि मागच्या दरवाज्याचं हँडल शोधू लागले. हात वर नेला, खाली आणला, परत वर नेला. माझं साफ केलेलं काम, सांधासुद्धा लागत नव्हता. एका बाजूनं झाल्यावर ते फिरून दुसऱ्या बाजूला गेले आणि तिथंही तसंच शोधत राहिले. मी बघत उभा होतो.

शेवटी त्यांनी विचारलं, "सीट कुठी आहे?"

मी म्हटलं, वरोऱ्याला ठेवली आहे, नीट ठेवली आहे, पुन्हा बसवता येते.

मग त्यांनी ओट्यावर बसून गोष्टीचा पुढचा भाग सांगितला. पोरगी झाल्यावर पाच-सहा दिवसांनी तिची आजी, जिनं बाळंतपण केलं तीच, सात-आठ किलोमीटर पायी चालत आली होती. बाळाची नाळ वाळून पडली होती, ती चिंधीत बांधून घेऊन. तिचं म्हणणं असं की लेकरू जिथं जमिनीला आलं तिथं त्याची नाळ राहायला पाहिजे, आणि हे लेकरू तर गाडीत आलं. गाडी काही खोदता येत नाही. तर ही तुमच्या गाडीतच ठेवा. बाबा हसले नाहीत. त्यांनी सीट उलटी केली आणि म्हातारीच्या समोर तारेनं पोटली बांधली. आता घर सोडून जाताना पोरगी पहिले घरच्या देवाच्या पाया पडेल आणि मग या सीटच्या. आजी मरताना तेवढंच सांगून गेली होती. इतकं सगळं सांगून बाबा म्हणाले, सीट राहू दे, पोटली आणली ना?

मी म्हणालो, "आणली ना. बॅगेत आहे."

कसं निघालं तोंडातून, देव जाणे. एक क्षणही लागला नाही.

पहाटे उजाडायच्या बेताला मी गोठ्यामागं गेलो. माझ्या जुन्या शर्टाची चिंधी फाडली. आत काय घालायचं? सुतळीचा एक वाळका तुकडा घातला. कापड नवं दिसत होतं म्हणून ते इंजिनच्या तेलात भिजवून राखेत घोळलं, पुन्हा चोळलं. नवा पार्ट जुना दाखवायची कला आम्हा गॅरेजवाल्यांना चांगली येते. तांब्याची तार नव्हती. बांधकामाची लोखंडी तार सापडली, तीच गुंडाळली, तीन पीळ दिले, टोक आत वळवलं. काम फर्स्ट क्लास झालं होतं. मला अजूनही आठवतं की ती तयार झाल्यावर मी ती उजेडात धरून बघितली आणि मला बरं वाटलं.

वस्तीच्या वाटेवर नाल्याचा रपटा आहे, बुटका सिमेंटचा पूल. कमानीची पानं काढलेली माझी गाडी त्याच्यावर पोट टेकून बसली. पुढंही जाईना, मागंही येईना. बाबा आणि मी उरलेली वाट पायी गेलो. मांडवात सगळे वाट बघत होते. नवरी हळदीत, पिवळ्या लुगड्यात उभी होती आणि तिनं वाटेकडे बघून मला विचारलं, भाऊ, गाडी बिमार पडली काय? लोक हसले. मीही हसलो. तिची आई पुढं आली, तीच बाई, जी त्या दिवशी गाडीत होती. ती म्हणाली, गाडी नाही तर नाही, पोटली तरी आणली ना भाऊ? तिनं खाली एक पाट मांडला होता, त्यावर तांदळाची रास, त्यावर मोहाची चार फुलं.

मी खिशातून पोटली काढली. मला ती स्वतःच पाटावर ठेवायची होती, पण बाबांनी हात पुढं केला. द्यावी लागली. त्यांनी ती तळहातावर घेतली आणि बोटांनी तार चाचपली. एकदा. मग पुन्हा. तांबं नरम असतं, बोटाला लगेच कळतं, आणि त्यांच्या डोळ्यांतलं सगळं बघणं आता बोटांत आलेलं. त्यांचा अंगठा त्या तिसऱ्या पिळावर थांबला. बाई वाट बघत होती, नवरी वाकायच्या तयारीत होती.

"हेच होय ना भाऊ?" बाईनं विचारलं.

बाबांनी माझ्याकडे मान वळवली. त्यांना मी दिसत होतो की नाही कोण जाणे. मग त्यांनी ती पोटली आपल्या कपाळाला लावली आणि म्हणाले, "हो बाई. हेच."

माझे बाबा कधी खोटं बोलत नाहीत. गाडीचा एक टायर घासला असेल तर ते भाड्याच्या माणसाला आधीच सांगायचे. त्या माणसानं भर मांडवात, एका लेकराच्या देवाच्या कामात, खोटं सांगितलं, आणि ते माझ्यासाठी. नवरीनं माझ्या शर्टाच्या चिंधीपुढं डोकं टेकवलं. बराच वेळ टेकवून ठेवलं. तिच्या आईनं तिला उठवलं तेव्हा तिच्या कपाळाला तांदळाचे दाणे चिकटले होते आणि थोडं माझं इंजिनचं तेल.

वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निघालं. बाबा ट्रॉलीत बसले, नवरीच्या बाजूला, धुळीत. माझी गाडी रपट्यावर होती, तिला बाजूनं वळसा घालून ट्रॅक्टर गेला. ट्रॉलीतल्या बायकांनी तिच्याकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

लग्नाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी बाबांनी मला जवळ बसवून विचारलं, खरी कुठी आहे? ओरडले नाहीत. ओरडले असते, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मी सगळं ओकलो असतो, मी तसाच आहे. त्यांनी नुसतं विचारलं आणि मी म्हणालो, सीटसोबत भंगारात गेली. शेकोटी माझ्या तोंडात आली होती, पण बाहेर निघाली नाही. भंगारात गेलेली वस्तू निदान कुठंतरी असते. जाळली म्हणून कसं सांगायचं? त्यांनी लगेच चप्पल घातली. म्हणे, चाल, पाहून येऊ.

एसटीनं वरोऱ्याला गेलो. रपट्यावरून ओढून काढलेल्या माझ्या गाडीत ते बसले नाहीत, मीही म्हटलं नाही. भंगारवाला ओळखीचा, त्यानं सांगितलं, सीटांचे सांगाडे अजून मागं पडून आहेत, ट्रक आला नाही. उन्हात बाबा त्या ढिगाऱ्यात उतरले. पंच्याहत्तरीचा माणूस, अर्धा आंधळा, एकेक स्प्रिंग बोटांनी चाचपत. मी बाजूला उभा राहू शकलो नाही, मीही उतरलो आणि शोधायचं नाटक करू लागलो. पत्रे उचलायचे, खाली बघायचं, बाजूला ठेवायचे. दोन तास. मग बाबांनी मला हाक मारली. त्यांना आमची सीट सापडली होती. मधल्या स्प्रिंगवर तांब्याच्या तारेचे तीन पीळ अजून तसेच होते, टोक आत वळवलेलं. पलीकडचं टोक मी पकडीनं कापलेलं, ते चमकत होतं.

"इथून कापली," ते म्हणाले. "म्हंजे पोटली इथीच कुठी पडली असन."

मी म्हणालो, असन.

संध्याकाळपर्यंत शोधलं. त्यांचे हात काळे झाले होते, एका बोटाला पत्रा लागून रक्त येत होतं, मी रुमाल बांधला. निघताना त्यांनी ते तीन पीळ हळूच उलगडून स्प्रिंगवरून तार काढून घेतली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. स्टँडवर बाकावर आम्ही गडचिरोलीच्या गाडीची वाट बघत बसलो. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. खिशातली तार चाचपत ते म्हणाले, "तुया काई दोष नाई, बाबू. मलेच तवा सांगाले पाह्यजे होतं तुले."

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. जागा होती, वेळ होता, आम्ही दोघंच होतो. मी पाण्याची बाटली उघडून त्यांच्यासमोर धरली.

पाणी पिऊन ते म्हणाले, तो भिंतीकडचा ढीग पाहायचा राह्यला. मी म्हणालो, हो बाबा, येऊ पुन्हा. त्यानंतर आम्ही चार वेळा जाऊन आलो आहोत. दर वेळी ते आधी फोन करून विचारतात, भंगारवाल्याचा ट्रक तर नाही ना आला, आणि दर वेळी मी त्यांना घ्यायला स्टँडवर जातो.